खाली माणूस कुठे आहे?

व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. रात्रीचा अंधार, आकाशातून रेघोट्यांसारखे सुटणारे गोळे, खाली शहर आणि मधूनच काहीतरी पेटतं. सोबत चार ओळी होत्या की दूरच्या एका युद्धातलं हे दृश्य आहे, तिथल्या लेकरांसाठी दुवा करा. ईशाची नमाज नुकतीच झाली होती. मी तो पाहिला, डोळे भरून आले, आणि खानदानाच्या ग्रुपवर, शाळेतल्या शिक्षिकांच्या ग्रुपवर आणि दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. वर माझ्या स्वतःच्या दोन ओळीही लिहिल्या. शिक्षकाला दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दहावीतला एक मुलगा माझ्या टेबलाजवळ घुटमळत उभा राहिला.

"टीचर, एक बात बोलू? गुस्सा नहीं करना."

"बोल."

"आपने अम्मी के ग्रुप पे जो वीडियो डाला ना, वो गेम का है. मैं मामू के कंप्यूटर पे खेलता हूँ."

मी आधी मानलंच नाही. मग त्याने माझ्याच मोबाईलवर तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि बोट ठेवून दाखवत गेला. हा धूर बघा, एकसारखा येतो. हा आवाज बघा. शेवटी म्हणाला, "और नीचे देखो टीचर, नीचे आदमीच नहीं है. इतना सब हो रहा है और कोई भाग नहीं रहा."

मी तीनदा पाहिला होता. खाली माणूस नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ज्या मुलांना मी सूरह हुजुरातचा हवाला देऊन सांगत असते की आलेल्या खबरीची आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, त्यातल्याच एका मुलाने मला हे सांगितलं. त्याने ते वर्गात सांगितलं नाही, एकट्याने येऊन सांगितलं. ती त्याची शराफत.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास माझा विषय नव्हे. पण आमच्या शाळेत कोणी रजेवर गेलं की तास वाटून घेतले जातात. त्यामुळे नववी-दहावीचा इतिहास मी अधूनमधून बरीच वर्षं शिकवला आहे. दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर एक धडा आहे. तो धडा यंदा मी शिकवते, असं इतिहासाच्या सरांना सांगितलं. त्यांनी आनंदाने दोन तास देऊन टाकले.

प्रश्न होता उदाहरणाचा. आजचं, आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर चित्र पडद्यावर येण्याआधीच वर्गात दोन बाजू होतात. मुलांच्या आधी स्टाफरूममध्ये होतात. मला असं काहीतरी हवं होतं की जे घडून गेलंय, ज्याची चौकशी होऊन गेलीय, आणि ज्यात आपल्यापैकी कुणाचं काही अडकलेलं नाही. असं मला तेव्हा वाटत होतं. म्हणून मी जर्मनी आणि पोलंडकडे गेले. दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या लॅपटॉपवर बसून जुने जर्मन माहितीपट शोधून पाहिले.

पहिला पाहिला तो 'फेल्डझुग इन पोलेन', म्हणजे 'पोलंडमधली मोहीम'. दिग्दर्शक फ्रिट्झ हिप्लर. हा माणूस गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयात चित्रपटांचं काम बघायचा. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला १ सप्टेंबर १९३९ रोजी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लढाई संपली. आणि फेब्रुवारी १९४० मध्ये हा चित्रपट जर्मनीतल्या थिएटरांत लागला. चार महिन्यांत.

तासाभराहून थोडा मोठा हा चित्रपट बघताना मला जे वाटलं ते खरं सांगते. तो चांगला बनवला आहे. भारदस्त आवाजातलं निवेदन, मोठा वाद्यवृंद, आणि मधूनमधून नकाशे. नकाशावर काळे बाण सरकतात, पुढे जातात, वळतात, शत्रूला घेरतात. मराठी शाळेत भूगोल शिकवायला असे नकाशे मिळाले असते तर किती बरं झालं असतं, असा विचारही डोक्यात आला.

गोष्ट सुरू होते ती हल्ल्यापासून नाही, अन्यायापासून. डान्झिग हे जर्मनांचं शहर आहे, पोलंडमध्ये राहणाऱ्या जर्मनांचा छळ होतोय, त्यांना घरंदारं सोडावी लागताहेत, इंग्लंडच्या फुशीने पोलंड लढाईची तयारी करतोय, जर्मनीने किती सहन करायचं? असं सगळं आधी सांगून होतं. सैन्य सीमा ओलांडतं तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, एकदाचे निघाले. शेजारच्या देशावर केलेली चढाई पडद्यावर मदतीला धावून गेल्यासारखी दिसते.

यातल्या बहुतेक चित्रांत खोटं काही नाही. हे मला पचवायला वेळ लागला. रणगाडे खरे आहेत, पूल खरे आहेत, शरण आलेल्या पोलिश सैनिकांच्या लांबच लांब रांगा खऱ्या आहेत. ही दृश्यं घ्यायला जर्मन फौजेत खास तुकड्याच होत्या. 'प्रोपागांडाकॉम्पनी' असं त्यांचं नावच होतं. कॅमेरा चालवणारा गणवेश घातलेला सैनिकच असायचा. तो आघाडीवर जायचा, गोळ्या झेलायचा, काही जण मेलेही. त्यांनी जे घेतलं ते डोळ्यांसमोर घडत होतं तेच घेतलं. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, घेतलेल्यातलं काय ठेवायचं, कशाच्या आधी काय जोडायचं आणि वर काय बोलायचं, ते बर्लिनमध्ये ठरत होतं.

उदाहरणार्थ, सुरुवात. लढाई सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, ३१ ऑगस्ट १९३९ रोजी, सीमेजवळच्या ग्लायव्हिट्झ गावातल्या जर्मन रेडिओ केंद्रावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी पोलिश भाषेत छोटासा संदेश प्रसारित केला आणि पळून गेले. मागे एक मृतदेह राहिला. जर्मनीने जगाला सांगितलं, बघा, पोलंडने आगळीक केली. पुढे न्युरेंबर्गच्या खटल्यात त्या कामगिरीच्या प्रमुखाचा, आल्फ्रेड नाउयॉक्सचा, लेखी जबाब आला. हल्लेखोर जर्मन एसएसचेच लोक होते. आणि तो मृतदेह होता फ्रान्सिशेक होनियोक नावाच्या माणसाचा. तो जर्मन नागरिक होता, पण पोलंडच्या बाजूचा म्हणून ओळखला जायचा. त्याला आदल्या दिवशी पकडून आणलं होतं, पुरावा म्हणून ठेवायला. एक माणूस मारून 'पुरावा' तयार केला गेला. दुसऱ्या दिवशी हिटलरने संसदेत सांगितलं की आम्ही फक्त गोळीबाराला उत्तर देतो आहोत.

जे लोक फेब्रुवारीत थिएटरात बसले होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यात मुलंही असत. हिटलर युथच्या वतीने रविवारी मुलांसाठी खास खेळ लावले जात. तेव्हा जर्मनीतले बहुतेक शिक्षक नाझींच्या शिक्षक संघटनेचे सदस्य होते. सोमवारी वर्गात कुणी विचारलं असेल का, सर, पहिली गोळी कुणी झाडली? आणि सरांनी काय सांगितलं असेल? आपण त्या शाळेत असतो तर काय सांगितलं असतं, हा विचार मी फार वेळ करू शकले नाही.

दुसरा चित्रपट 'फॉयरटाउफे', म्हणजे 'अग्निदीक्षा'. एप्रिल १९४० चा, हान्स बर्ट्रामचा. हा पोलंडमधल्या जर्मन हवाई दलाच्या पराक्रमावर आहे. ढग, ढगांतून चाललेली विमानं, संगीत. आणि मग वरून दिसणारं वॉर्सा. छप्पर उडालेली घरं, नुसत्या भिंती उभ्या असलेले रस्ते, एकामागून एक. निवेदक त्या पडझडीवरून इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांना जाब विचारतो. म्हणजे बॉम्ब आम्ही टाकले, पण गुन्हा तुमचा, कारण तुम्ही पोलंडला लढायला लावलंत.

मी तिथे थांबवला आणि मागे नेऊन पुन्हा पाहिला. त्या मुलाचं बोलणं आठवलं होतं. कॅमेरा विमानात होता. इतक्या उंचीवरून घरांचे सांगाडे दिसत होते, पण माणूस दिसत नव्हता.

माणसं खाली होती. २५ सप्टेंबर १९३९ या एका दिवसात शेकडो विमानांनी वॉर्सावर बॉम्ब टाकले. तिथले लोक त्या दिवसाला काळा सोमवार म्हणतात. वॉर्साच्या त्या वेढ्यात हजारो नागरिक गेले. त्याआधी, लढाईच्या अगदी पहिल्या पहाटे, व्हिएलून नावाच्या लहान गावावर बॉम्ब पडले. तिथलं इस्पितळही सुटलं नाही. गावकरी झोपेत होते.

या 'अग्निदीक्षे'चा आणखी एक उपयोग केला गेला. ५ एप्रिल १९४० च्या संध्याकाळी नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथल्या जर्मन वकिलातीने तिथल्या मान्यवरांना चित्रपट बघायला बोलावलं. शांततेचा चित्रपट आहे, असं सांगितलं होतं. पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, आणि पडद्यावर वॉर्सा जळायला लागलं. चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. जो चित्रपट घरच्या लोकांना अभिमान वाटावा म्हणून दाखवला जात होता, तोच शेजाऱ्यांना धाक बसावा म्हणून दाखवला गेला.

इथपर्यंत मी बघणारी होते, चुका दुसऱ्यांच्या होत्या. मग माझी पाळी आली.

दुसरं महायुद्ध शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगायचे. जर्मन रणगाडे आले तेव्हा पोलंडचे घोडेस्वार उपसलेल्या तलवारी आणि भाले घेऊन त्यांच्यावर धावून गेले. लोखंडावर पोलादाचे घाव घालत शहीद झाले. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढायचा. आमच्या मुलांना लहानपणापासून करबला ठाऊक, टिपू सुलतान ठाऊक. हरणार हे माहीत असूनही मागे न फिरणारी माणसं आम्हाला आवडतात. वर्ग एकदम शांत व्हायचा. बी.एड.च्या सराव पाठातसुद्धा मी ही गोष्ट सांगितली होती आणि निरीक्षकांनी वहीत शेरा दिला होता, 'कथन प्रभावी'.

चित्रपटांबद्दल वाचताना कळलं की असं घडलंच नव्हतं. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी क्रोयान्टी गावाजवळ पोलिश घोडदळाच्या एका तुकडीने जर्मन पायदळावर चाल केली होती. पायदळावर, रणगाड्यांवर नाही. पायदळ पांगलंही. मग जर्मनांच्या चिलखती गाड्या आल्या, त्यांनी मशीनगन चालवल्या, आणि सुमारे वीस घोडेस्वार त्यांच्या सेनाधिकाऱ्यासह मारले गेले. नंतर तिथे पत्रकारांना नेण्यात आलं, त्यांत इटलीचेही होते. त्यांना मेलेले घोडे दिसले, जवळ जर्मन रणगाडे उभे दिसले. दोन्ही खरं होतं. मधली गोष्ट त्यांनी जोडून घेतली, आणि जर्मन प्रचाराने ती उचलून धरली. पोलिश सैन्य म्हणजे शूर पण अडाणी, जुन्या जमान्यातलं. त्यांच्यावर आम्ही राज्य करणं स्वाभाविकच, असा तिचा अर्थ होता. वास्तवात पोलिश घोडदळ बहुतेक वेळा घोड्यावरून उतरून लढायचं आणि त्यांच्याकडे रणगाडाविरोधी बंदुका होत्या. आणि ज्या जर्मन फौजेचे फक्त रणगाडे पडद्यावर चमकतात, तिची बरीचशी ओझी त्या काळात घोडेच ओढत होते.

म्हणजे गोबेल्सच्या काळात रुजलेली एक गोष्ट ऐंशी वर्षांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत एक बाई डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. तीही पोलंडच्या बाजूने! मला कुणी फसवलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. गोष्ट आवडली, म्हणून तपासली नाही. व्हिडिओचंही तेच झालं होतं.

या सगळ्यात मला एका दुसऱ्या चित्रपटाने सावरलं. ज्युलियन ब्रायन नावाचा अमेरिकन छायाचित्रकार ७ सप्टेंबरला, म्हणजे परदेशी पत्रकार वॉर्सा सोडून जात असताना, उलटा वॉर्सात शिरला. शहराचे महापौर स्टेफान स्टार्झिन्स्की यांनी त्याला गाडी आणि दुभाषा दिला. दोन आठवडे तो गल्लीबोळांतून फिरला. पावासाठीच्या रांगा, इस्पितळाच्या तळघरातली बाळंतीण, बॉम्ब पडलेली घरं. फिल्म लपवून बाहेर काढली आणि १९४० मध्ये 'सीज', म्हणजे 'वेढा', या नावाने दहा मिनिटांचा माहितीपट अमेरिकेत लागला.

त्याने टिपलेलं एक दृश्य मी विसरू शकणार नाही. वॉर्साच्या कडेला बटाट्याच्या शेतात काही बायका भुकेपोटी बटाटे काढत होत्या. जर्मन विमानं खाली आली आणि त्यांच्यावर मशीनगन चालवली. ब्रायन पोचला तेव्हा एक लहान मुलगी तिच्या मेलेल्या बहिणीजवळ उभी होती. तिने मरण पूर्वी पाहिलेलं नव्हतं. बहीण का बोलत नाही, ते तिला कळत नव्हतं. 'अग्निदीक्षा'मधल्या विमानांच्या खाली कोण होतं, त्याचं हे उत्तर.

ब्रायनचीही बाजू होतीच. अमेरिकेने मदतीला यावं, असं त्याला वाटत होतं आणि त्याचा चित्रपट तेच सांगतो. मग फरक कुठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. एक गोष्ट सापडली. १९५८ मध्ये ब्रायन वॉर्साला परत गेला. तिथल्या वर्तमानपत्रातून त्याने आपली जुनी छायाचित्रं छापवली आणि विचारलं, यातले कोण हयात आहेत? माणसं पुढे आली. ती बटाट्याच्या शेतातली मुलगीही सापडली, आता मोठी बाई झालेली. त्याच्यासाठी ती माणसं होती. त्यांनी 'हे खोटं आहे' म्हणायचं ठरवलं असतं, तर ते म्हणू शकत होती. शरण आलेल्या सैनिकांच्या त्या रांगांतलं नाव हिप्लरने कुणाचं विचारलं नाही.

हिप्लरचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती सांगताना माझा हात थांबतो. त्याच मोहिमेनंतर, ऑक्टोबर १९३९ मध्ये, गोबेल्सच्या हुकमावरून तो कॅमेरे घेऊन पोलंडमधल्या लोड्झ शहरात गेला, तिथल्या ज्यूंच्या वस्तीत. तिथलं चित्रण वापरून केलेला 'डेर एविगे यूडे' नोव्हेंबर १९४० मध्ये लागला. जर्मन ताब्यात आलेल्या शहरातली हतबल, दाटीवाटीने राहणारी माणसं दाखवून सांगितलं गेलं की ही जमात मुळातच अशी आहे. पुढे पडद्यावर उंदरांचे थवे येतात, ते का, हे कळायला निवेदनाची गरज पडत नाही. शेवटाकडे त्यांच्या धर्माच्या पद्धतीने जनावर कापतानाचं दृश्य आहे, मुद्दाम लांबवलेलं, बघणाऱ्याला शिसारी यावी म्हणून. जर्मनीत त्या पद्धतीवर १९३३ मध्येच बंदी आली होती.

याबद्दल वाचलं, मग थोडं पाहिलं, आणि लॅपटॉप बंद केला. माझे नाना कसाई होते. पहाटे वुजू करून, सुरीला धार लावून, बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू करणारे. जनावरासमोर सुरीला धार लावू द्यायचे नाहीत, त्याला आधी पाणी पाजायचे. त्यांच्याकडे कुणी कॅमेरा घेऊन आलं असतं आणि त्यातलं एक मिनिट तेवढं कापून नेलं असतं, तर ते मिनिट खरंच असतं. नाना मात्र त्यात नसते. ज्या उदाहरणात आपलं काही अडकलेलं नाही ते शोधायला मी निघाले होते.

एवढ्यावर मी थांबणार होते. पण पोलंड पुन्हा अशा ठिकाणी भेटलं की जिथे मी वर्षानुवर्षं जात होते.

'फेल्डझुग इन पोलेन' वॉर्सातल्या विजयाच्या संचलनाने संपतो. लोकांची गोष्ट मात्र तिथे संपली नव्हती. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या होत्या. हिटलर आणि स्टालिन यांच्यात तसा करार झाला होता. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली गेली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सोडण्यात आलं. जी वाचली त्यांतली हजारो १९४२ मध्ये इराणला पोचली. इस्फहानमध्ये इतकी अनाथ पोलिश मुलं होती की त्या शहराला पोलिश मुलांचं शहर म्हणू लागले. आणि तिथून पुढे सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून राहिली ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. तिथे त्यांची छावणी होती, शाळा होती, चर्च होतं. लढाई संपल्यावर ती गेली, आणि फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं. त्या वसाहतीला आज आपण गांधीनगर म्हणतो.

गांधीनगर! माझ्या लग्नाचा बस्ता तिथे बांधला होता. दर रमजानमध्ये मुलांचे ईदचे कपडे तिथूनच येतात. भाव करताना, पिशव्या सांभाळताना, सरबत पिताना कधी वाटलंही नाही की आपण उभ्या आहोत तिथे वॉर्साच्या देशातली मुलं शाळेत जात होती. त्यांच्या आधीच्या गोष्टीतलं संचलन कुणीतरी चित्रपटात जपून ठेवलं. त्यांची पुढची गोष्ट आमच्या बाजारपेठेखाली दबून राहिली.

सुट्टी संपली आणि तास झाला. मी मुलांना काही न सांगता 'फेल्डझुग इन पोलेन'मधली दोन मिनिटं आवाज बंद करून दाखवली. चालणारे सैनिक, धूळ, एक जळालेलं घर. मग वर्गाचे दोन भाग केले. उजवीकडच्यांनी जर्मन निवेदक व्हायचं, डावीकडच्यांनी पोलिश. प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या. उर्दूत, मराठीत, जशा येतील तशा.

मुलांनी लिहिलं. एकाने वाचलं की आमचे बहादूर जवान आपल्या छळलेल्या भावांना सोडवायला निघाले आहेत. एका मुलीने वाचलं की ते आले त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटलेली होती. चित्र दोन्हींना जुळलं. वर्गात थोडा वेळ गलका झाला, मग ती मुलगीच म्हणाली, "टीचर, दोनों सही लग रहे हैं."

"मग खरं काय आहे ते कसं ठरवायचं?"

गेमवाला मुलगा मागच्या बाकावर होता. त्याने हात वर केला. "टीचर, वो जो घर जला है, वो किसका है? वो कोई नहीं बता रहा."

मी त्यांना ग्लायव्हिट्झ सांगितलं, वॉर्सा सांगितलं, बटाट्याचं शेत सांगितलं. मग घोडेस्वारांची गोष्ट सांगितली, आणि म्हणाले की ही गोष्ट मी तुम्हाला नववीत सांगितली होती, ती चूक होती. मी तपासली नव्हती. चाळीस मुलांसमोर हे म्हणताना घशाला कोरड पडली. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्याने फक्त विचारलं, "तो टीचर, पेपर में आया तो क्या लिखें?" तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला, आणि मीही.

त्या रात्री तिन्ही ग्रुपवर लिहिलं की मी पाठवलेला तो व्हिडिओ युद्धाचा नव्हता, संगणकावरच्या खेळाचा होता, माझी चूक झाली, ज्यांना पुढे पाठवला असेल त्यांनाही कळवा. व्हिडिओला पन्नासेक उत्तरं आली होती, आमीन, हात जोडलेले, रडणारे चेहरे. या मजकुराला चार आली. मामूंनी लिहिलं, "बेटा, नियत तो अच्छी थी ना." मामूंना मी उलटून बोलत नाही. पण यावर बरेच दिवस विचार केला. थिएटरात बसून पोलंडमधल्या जर्मनांसाठी ज्यांचे डोळे भरून आले असतील, त्यांचीही नियत चांगलीच असेल. जिथे खरोखर लेकरं मरताहेत, तिथला खरा व्हिडिओ उद्या आला, तर माझ्या त्या खोट्या व्हिडिओमुळे कुणीतरी म्हणेल की हाही खेळच असेल. नियतीने ते भरून निघत नाही.

हा मजकूर वाचणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी आहेत, हे मला ठाऊक आहे. काही जण आता स्वतः शिक्षक आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्या वर्गात पोलंडच्या घोडेस्वारांची गोष्ट ऐकली असेल, त्यांच्यासाठी: ते रणगाड्यांवर धावून गेले नव्हते. तुम्ही ती गोष्ट पुढे कुणाला सांगितली असेल, तर त्यांनाही हे सांगा.